टोकियोच्या ओसरीवर

टोकियो, नोव्हेंबर

चहापत्तीच्या दुकानाचं सरकतं दार बाजूला सारून आत शिरले, तर गल्ल्यावर कोणीच नाही. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, कोणीतरी भांडी विसळत होतं. 'गोमेन कुदासाई' अशी हाक दिली. शब्दांचा अर्थ 'माफ करा', पण वापर थेट आपल्या 'आहे का कोणी घरात?'सारखा. अर्ध्या मिनिटानं हात पुसत एक आजोबा आले, पायरीवरून उतरताना पायांत सपाता सरकवल्या आणि मगच दुकानदार झाले. होजिचा, म्हणजे खरपूस भाजलेल्या पानांचा चहा, शंभर ग्रॅम तोलून कागदी पुडीत बांधला. पैसे हातात घेतले नाहीत. गल्ल्यावरचं तबक पुढे सरकवलं. मी त्यात नोट ठेवली, त्यांनी त्यातच सुटे पैसे ठेवले.

त्या अर्ध्या मिनिटाचं कोडं मला पुढे कितीतरी दिवसांनी उलगडलं. मी दुकानात गेले नव्हते, कोणाच्या तरी ओसरीवर चढले होते.

हे यानाका. टोकियोच्या ईशान्य भागात, उएनोच्या मागे. मी राहते निशी-कासाईला. भारतीयांची वस्ती, कढीपत्ता मिळतो, रविवारी बागेत मराठी कानावर पडतं. तिथून तोझाई लाइननं ओतेमाची, तिथे गाडी बदलून चियोदा लाइननं सेंदागी. पाऊण तासाच्या आत माणूस दुसऱ्याच गावात उतरतो. यानाका, नेझु आणि सेंदागी या तीन शेजारी वस्त्यांना मिळून 'यानेसेन' म्हणतात. हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते एका छोट्या स्थानिक मासिकामुळे. मोरी मायुमी आणि तिच्या सोबतिणींनी ते 1984 मध्ये सुरू केलं आणि 2009 पर्यंत चालवलं. कुठल्या गल्लीत कोण टोफू करतं, कोणाच्या आजीला भूकंप आठवतो, असले विषय. आपल्याकडे अशा मजकुराला 'गल्लीतल्या गप्पा' म्हणून नाक मुरडतात. इथे मात्र त्या गप्पांमुळेच टोकियोकरांना ही वस्ती नव्यानं दिसली.

टोकियो दोनदा जळलं, 1923 च्या भूकंपात आणि 1945 च्या बॉम्बवर्षावात. यानाकालाही झळ लागली, पण बराच भाग वाचला. त्याच्याही आधी, 1657 च्या मोठ्या आगीनंतर, शहरातली देवळं इथे काठावर हलवली गेली होती. आजही सत्तरच्या वर बौद्ध मंदिरं या टेकडीवर आहेत आणि कित्येक घरं मंदिराच्या जमिनीवर भाडेपट्ट्यानं उभी आहेत. नव्या वर्षात लोक इथल्या सात भाग्यदेवतांची फेरी करतात. त्यांतली बेंतेन म्हणजे आपली सरस्वती आणि बिशामोंतेन म्हणजे वैश्रवण, कुबेर. कुबेराला इथे चिलखत घालून उभं केलंय, हे पाहून आधी हसू येतं.

एका तिठ्यावर अवाढव्य देवदार आहे. हिमालयातला. त्याच्या बुंध्याला टेकून 'मिकादो पान' नावाचं चिमुकलं दुकान. दुकानदारानं कुंडीत लावलेलं रोप एवढं वाढलं, असं सांगतात. इथे 'पान' म्हणजे ब्रेड. हा शब्द पोर्तुगीजांनी जपानला दिला, आणि त्याच लोकांकडून, त्याच शब्दापासून आपला 'पाव' झाला. गोव्याच्या पोदेराचा हा जपानी चुलतभाऊ मला तरी इथे येईपर्यंत ठाऊक नव्हता.

पावाच्या दुकानात हमखास एक प्रश्न येतो: इथेच खाणार का? पाहुणचार नव्हे, कराचा हिशेब. ऑक्टोबर 2019 पासून खाद्यपदार्थ घरी नेला तर 8 टक्के कर आणि दुकानात बसून खाल्ला तर 10 टक्के. एकच पाव, बाकावर टेकलात की महाग.

आता कॉफी. जपानमधलं पहिलं म्हणावं असं कॉफीघर 1888 मध्ये इथून जवळच, उएनोत निघालं. पुढे 1920-30 च्या सुमारास 'कॅफे' हा शब्द बदनाम झाला. तिथे दारू असे आणि गिऱ्हाइकाशेजारी बसणाऱ्या मुलीही. मग निव्वळ कॉफी पाजणाऱ्यांनी स्वतःला 'जुन्किस्सा' म्हणायला सुरुवात केली. 'जुन' म्हणजे शुद्ध. आपल्या 'शुद्ध शाकाहारी' पाटीची सख्खी बहीण! 2021 पर्यंत अशा चहा-कॉफीघरांना, म्हणजे 'किस्सातेन'ना, परवानाही निराळा मिळे: मद्य नाही, खरा स्वयंपाक नाही. 1981 मध्ये देशभरात अशी सुमारे दीड लाख किस्सातेन होती, 2021 मध्ये साठ हजारांच्या आत आली. मुंबई-पुण्यातली इराणी हॉटेलं ज्यांनी एकेक करून मिटताना पाहिली, त्यांना हा उतार समजावून सांगायला नको.

यानाकातलं नामांकित कॉफीघर म्हणजे कायाबा. चौकातली लाकडी दुमजली इमारत 1916 ची, कॉफीचं दुकान 1938 पासून. 2006 मध्ये मालकीणबाई गेल्यावर ते बंद पडलं. मग जुनी घरं जपणारी इथली एक संस्था आणि शेजारची एक कलादालनवाली मंडळी पुढे आली आणि 2009 मध्ये ते पुन्हा उघडलं. (त्यांचं कलादालनही जुन्या सार्वजनिक न्हाणीघरात आहे. बाहेरून अजून न्हाणीघरच वाटतं, आत भिंतीवर आधुनिक चित्रं.) कायाबात वरच्या मजल्यावर चटईवर मांडी घालून बसता येतं. अंड्याचं सँडविच प्रसिद्ध, आणि 'रुशियन' नावाचं एक पेय, अर्धी कॉफी अर्धा कोको. मला ते बेताचंच वाटलं. पण रांग असते.

रांग नसलेल्या ठिकाणी जास्त शिकायला मिळतं. माझ्या आवडत्या किस्सातेनमध्ये सहा खुर्च्या आहेत. मालकाला सगळे 'मास्तर' म्हणतात, तेही इंग्रजीतूनच आलेलं. मास्तर एकेक कप कापडी गाळणीतून, पाण्याची बारीक धार धरून करतो. त्याला सहा-सात मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ कोणी बोलत नाही. कपाला सहाशे येन, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास. पहिल्यांदा मैत्रिणीबरोबर गेले तेव्हा आपल्या सवयीनं 'एकच द्या, दोघीत' म्हणाले. मास्तरानं नम्रपणे भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं: माणशी एक पेय. त्याचंही खरंच आहे. सहा खुर्च्यांवर पोट भरायचं तर कटिंगचा धर्म पाळून कसं चालेल?

या दुकानांवर आणखी एक पाटी दिसते, 'फुतेइक्यू'. सुट्टीचा वार ठरलेला नाही, असा अर्थ. म्हणजे मर्जी. दुपारी एक ते चारच्या कुलपावरून पुणेकरांची जन्मभर चेष्टा झाली; इथे अख्ख्या दिवसाचं कुलूप आणि कारण विचारायची सोय नाही. दारावर लटकणारं नोरेन, म्हणजे अर्ध्या उंचीचा पडदा, बाहेर असेल तर दुकान उघडं आणि आत घेतला असेल तर ते नुसतं घर. नातवाची शाळा, मालकिणीचा गुडघा, पाऊस, कशासाठीही पडदा आत जातो.

घर आणि दुकान एकाच छपराखाली राहावं, ही इथल्या कायद्यानं मोकळी ठेवलेली वाट आहे. जपानमधल्या सर्वांत कडक निवासी विभागातही राहत्या घरात छोटं दुकान काढता येतं. अट इतकीच की दुकानाचा भाग 50 चौरस मीटरपर्यंत असावा आणि घराच्या निम्म्याहून कमी. यानाकात नियम याहून सैल आहेत. आपल्याकडे वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आणि खाली किराणा, हे पिढ्यान् पिढ्या चाललं, पण नव्या गृहसंकुलात ते चालत नाही. तिथे दुकानांची रांग फाटकाबाहेर.

गल्ल्यांचं म्हणाल तर त्यांना त्यांच्या अरुंदपणानं वाचवलं. 1950 च्या इमारत कायद्यानुसार रस्ता चार मीटरचा हवा. तो त्याहून अरुंद असेल आणि तुम्ही घर पाडून नवं बांधलंत, तर गल्लीच्या मध्यरेषेपासून दोन मीटर मागे सरकावं लागतं. जागा आधीच टीचभर. मागे सरकलं तर उरणार काय? म्हणून लोक पाडत नाहीत, डागडुजी करतात, खालची खोली कोणा तरुण जोडप्याला कॉफीसाठी भाड्यानं देतात. अर्थात याच गल्ल्यांत आगीचा बंब शिरत नाही, आणि पुढच्या मोठ्या भूकंपाची धास्ती इथे प्रत्येकाला आहे. ज्या शांततेचे फोटो आम्ही घरी पाठवतो, ती अग्निशमनवाल्यांची डोकेदुखी आहे.

आणि वारसा कर. भारतात मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर 1985 मध्ये गेला, त्यामुळे आपल्याला याची कल्पना नसते. जपानमध्ये वरचा दर 55 टक्के आहे आणि मृत्यूनंतर दहा महिन्यांत तो भरावा लागतो. टोकियोत जमिनीचा भाव बघता, आजी गेली की मुलांपुढे बहुतेक एकच वाट उरते, विक्री. त्या देवदाराच्या जागेवरही बांधकामवाल्यांची नजर गेली होती. शेजाऱ्यांनी सह्या गोळा करून झाडासाठी आवाज उठवला.

यानाका गिंझा या बाजाराच्या गल्लीत मात्र चिंता दिसत नाही. जेमतेम 170 मीटर लांबी, साठेक दुकानं, आणि उभ्यानं गरम मेंचिकात्सू, म्हणजे खिम्याचं तळलेलं कटलेट, खाणारे पर्यटक. 'चालता चालता खाऊ नका' अशा पाट्या आहेत, त्या सगळे खाता खाताच वाचतात. मी तिथून लवकर निघते. सेंदागीला किकुमी सेनबेई हे 1875 पासूनचं दुकान, तिथे तांदळाच्या चौकोनी, सोया सॉस लावून भाजलेल्या सेनबेई घेते. कुरकुरीत इतक्या की पहिला घास घेताना दातांची काळजी वाटावी.

गेल्या रविवारी चहा संपला म्हणून पुन्हा त्या आजोबांकडे गेले. काचेवर सुबक अक्षरात कागद चिकटवलेला: दीर्घकाळ लोभ ठेवल्याबद्दल आभार, गेल्या महिनाअखेरीपासून दुकान बंद. नोरेन नव्हतं. काचेतून आत पाहिलं. चहाचे डबे गेले होते. गल्ल्याच्या जागी सायकल लावलेली, शेजारी कपडे वाळत घातलेले, आणि तोच टीव्ही आता पुढच्या खोलीत आलेला. आजोबा रस्त्याकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. मला पाहिलं आणि सवयीनं अर्धे उठले. मीही सवयीनं वाकले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते परत बसले.