उन्हानं छापलेली वरई

जव्हार-मोखाड्यात सूर्यछाप शिकायचा तर आश्विन-कार्तिकात. ऊन कडक असतं, ओढ्याविहिरींना पाणी असतं आणि उतारावरची नाचणी-वरई कणसावर आलेली असते. पावसाळ्यात कागद सुकत नाही. उन्हाळ्यात मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो. तेव्हा छापे धुवायला पाणी वापरू नये.

या पद्धतीला सायनोटाइप म्हणतात. जॉन हर्शेल यांनी ती १८४२मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी शैवालांचे असे छापे काढून पुस्तकरूपात आणले. कॅमेरा लागत नाही.

१०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड विरघळवून वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. फेरीसायनाइडजवळ अ‍ॅसिड किंवा आच नको. लागेल तेवढंच द्रावण समभाग मिसळून, खिडक्या लावून, जाड सुती कागदावर ब्रशनं पातळ फासा आणि अंधारात सुकवा. कागदात खडूची भुकटी नसावी. ती निळा रंग खाते.

पिवळसर हिरव्या कागदावर कणीस मांडून वर काच दाबा आणि उन्हात ठेवा. अतिनील किरणांनी लोहाचं रूप बदलतं आणि फेरीसायनाइडशी मिळून न विरघळणारा निळा रंग तयार होतो. सावलीतला भाग तसाच राहतो, पाण्यात धुऊन जातो. नाचणीची मिटलेली बोटं जाड, त्यांची नुसती पांढरी आकृती उमटते. वरईचं मोकळं कणीस मात्र पाहत राहावं असं उतरतं: केसासारखे देठ, टोकाला एकेक दाणा. वाऱ्यानं ते जरा हललं तरी रेषा दुहेरी होते, म्हणून काचेला चिमटे हवेतच.

दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं लागतात. कागदाच्या पट्टीवर आधी अंदाज घ्यावा. उघडा भाग राखाडी झाला की उचला, टबात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. ते पाणी विहिरीत, ओढ्यात ओतू नका. पुढच्या दिवसभरात निळाई गडद होते. साबण लावू नका. तो रंग उडवतो.

छाप वस्तूच्या मापाचाच निघतो. म्हणून इथल्या शिक्षकांना विनंती: पोरांकडून घरच्या हळव्या-गरव्या वाणांची कणसं आणवा, छापा आणि खाली पेन्सिलीनं वाण, पाडा, तारीख लिहून ठेवा.