मांजराची शुगर आणि आपली कंट्रोल सिस्टीम

"आमच्या मांजराला शुगर झालीय," असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, "का गं, पेढे खायचं का?" हॉस्टेलवर माझी यावरून भरपूर चेष्टा झाली आहे. म्हणून म्हटलं, एकदाच सगळं लिहून टाकावं. मित्रमैत्रिणींनो, विषय हसण्यासारखा नाही. शिवाय आपण परीक्षेसाठी जी कंट्रोल सिस्टीम घोकतो, ती इथे चार पायांवर चालताना दिसते!

आमचं घर हिंगोली जिल्ह्यात, वसमतला. घरात शुगरचे पेशंट दोन. एक माझी आजी आणि दुसरा आमचा अकरा वर्षांचा बोका. त्याचं नाव बोक्याच. लहानपणी ऑपरेशन झालेलं, दिवसभर ओसरीवर झोपणं आणि दोन्ही वेळा दूध-भाकरी. वजन वाढत गेलं तसे सगळे कौतुकच करायचे. पण वय झालेला, जाड, ऑपरेशन झालेला नर म्हणजे मांजरांमधल्या डायबेटिसचा अगदी ठरलेला उमेदवार.

लक्षणं माणसासारखीच. तहान खूप लागते, लघवी वाढते, भूक असूनही वजन उतरतं. मांजर रोज वजनाच्या दर किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पीत असेल, तर काहीतरी बिघडलं आहे असं समजावं. आमच्याकडे आईच्या लक्षात आलं ते वेगळ्याच कारणाने : बोक्याच्या रेतीला मुंग्या लागायला लागल्या. काही मांजरं मागच्या पायांचे पंजे टेकवण्याऐवजी टाचा टेकवून चालू लागतात. साखरेमुळे नसा कमकुवत झाल्याची ती खूण.

आता आतलं यंत्र बघू. निरोगी शरीरात स्वादुपिंड, म्हणजे पॅन्क्रियाज (कॉन्व्हेंटवाल्यांना हाच शब्द माहीत! मराठी शब्द मला आजीच्या पेपरातून कळला), रक्तातली साखर सतत मोजतं आणि लागेल तेवढं इन्सुलिन सोडतं. सेन्सर, कंट्रोलर, अॅक्च्युएटर सगळं एकाच जागी. क्लोज्ड लूप! मांजरांचा डायबेटिस बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. म्हणजे लठ्ठपणामुळे इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, स्वादुपिंड जास्त राबतं आणि शेवटी थकतं. लूप तुटतो. मग तो लूप घरच्यांनी हाताने चालवायचा, एवढीच काय ती ट्रीटमेंट.

पण आधी मोजमाप. तालुक्याच्या दवाखान्यात मुख्य गर्दी बैल, म्हशी आणि शेळ्यांची. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. टोपलीत घालून, एसटीने. तिथे एक मजेशीर गोष्ट कळली. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने वाढते, कधीकधी ३०० च्याही वर जाते, त्याला डायबेटिस नसला तरी! म्हणजे एका रीडिंगवर भरवसा ठेवायचा नाही. म्हणून रक्ताबरोबर लघवीतली साखर बघतात आणि फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट करतात. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. इन्स्टंटेनियस व्हॅल्यू आणि अॅव्हरेज व्हॅल्यू यातला फरक मला त्या दिवशी खरा समजला.

गोळ्यांचं काय, असं सगळे विचारतात. अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध ऑगस्ट २०२३ मध्ये मांजरांसाठी मंजूर झालं. दोन्ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पण ती प्रत्येक मांजराला चालत नाहीत, आधी इन्सुलिन घेतलेल्यांना तर नाहीच. बोक्याला डॉक्टरांनी सुरुवातीपासून इन्सुलिनच दिलं. ग्लार्जिन, सकाळी सात आणि संध्याकाळी सात, मानेमागच्या किंवा कुशीच्या सैल कातडीखाली. सुई इतकी बारीक की खाताना टोचली तर तो मान वर करत नाही.

आता खरी गोम ऐका. आजीची बाटली १ मिलीत ४० युनिटवाली. बोक्याचं इन्सुलिन १ मिलीत १०० युनिटवालं. दोन्ही एकाच फ्रिजमध्ये! सिरिंजही दोन प्रकारच्या : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. समजा बोक्याचा डोस २ युनिट आहे आणि कोणी चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने २ च्या खुणेपर्यंत औषध ओढलं. ती खूण म्हणजे ०.०५ मिली. तेवढ्यात १०० वालं इन्सुलिन भरलं तर ५ युनिट झाले. अडीच पट! चार-पाच किलोच्या जिवाला एवढी चूक जीवघेणी ठरू शकते. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळापाशी गमावलं गेलं, ते एका टीमने पौंडात आणि दुसऱ्या टीमने न्यूटनमध्ये हिशेब धरल्यामुळे. युनिट लिहिलं नाही म्हणून सर अर्धा मार्क का कापतात, ते आता कळलं ना? आम्ही दोन वेगळे डबे केले. आजीच्या डब्यावर तुळशीचं पान काढलं, बोक्याच्या डब्यावर मांजर. सिरिंज ज्याची त्याच्याच डब्यात.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४० च्या पुढे जातो आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. इन्सुलिनला ऊन चालत नाही आणि बर्फही चालत नाही. लाईट फार वेळ गेली की बाटल्या डब्यासकट ओल्या रेतीत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात जातात. बाष्पीभवनाचा कूलर, शून्य वॉट!

सगळ्यात अवघड गेलं ते जेवण. मांजर मूळचं मांसाहारी. भाकरी, भात, दुधातली साखर हे सगळं पचवण्यासाठी त्याचं लिव्हर बनलेलंच नाही. डॉक्टरांनी प्रोटीन जास्त आणि पिठूळ कमी असं खाणं सांगितलं : मांजरांसाठी मिळणारं ओलं पाकीटबंद अन्न, जोडीला उकडलेलं चिकन. नुसत्या चिकनवर भागत नाही, कारण त्यात कॅल्शियम वगैरे पुरेसं नसतं. आणि आमची आजी माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाली, "नामदेव महाराज तर कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन पळाले. ते नरसीचे, आपल्याच जिल्ह्यातले. मांजराचा धर्म मांजराला. फक्त माझ्या चुलीवर नको." तेव्हापासून मागच्या पडवीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं आणि वेगळी ताटली आहे. शिजवतात बाबा.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी घरी असले की 'कर्व्ह' काढते. कानाच्या कडेला टोचून दर दोन तासांनी एक थेंब, असे बारा तास. माणसाचं ग्लुकोमीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतं, तेही धरून चालायचं. सुरुवातीच्या एका ग्राफवर सकाळी ३४०, दुपारी दोनला १३०, संध्याकाळी परत ३०० होते. फक्त सकाळचा आकडा बघून डोस वाढवला असता तर दुपारचा तळ कुठे गेला असता, विचार करा! सिस्टीममध्ये डिले असेल तर घाईघाईने दिलेलं करेक्शन ऑसिलेशन वाढवतं. म्हणून डोस डॉक्टर ठरवतात, तोही काही दिवस थांबून. आपण फक्त प्रामाणिक डेटा द्यायचा.

साखर ६० च्या खाली गेली तर धोका. मांजर लटपटतं, भेलकांडतं, झटके येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचं पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं. घशात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. आणि लगेच डॉक्टरांना फोन. मांजर जेवलंच नाही तर नेहमीचा डोस डोळे झाकून द्यायचा नाही, आधी विचारायचं.

लवकर सुरुवात झाली, साखर नीट ताब्यात राहिली आणि वजन उतरलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन चक्क सुटतं. थकलेल्या स्वादुपिंडाला विश्रांती मिळते आणि तो लूप पुन्हा स्वतः चालवू लागतो. बोक्याचं अजून सुटलेलं नाही. दीड वर्ष झालं, डोस मात्र निम्म्यावर आला आहे आणि तो परत भिंतीवर उडी मारतो.

अडाणी म्हणवणारी माझी आजी, पहाटे उठून मळ्यात जाणारे बाबा आणि आई, या तिघांनी ही सिस्टीम दीड वर्ष एकही डोस न चुकवता चालवली आहे. आपण लॅबमध्ये दोन तासांत कंटाळतो! तेव्हा दोस्तहो, सुट्टीत घरी गेलात की एक काम करा. घरात म्हातारं मांजर असेल तर ते दिवसभरात किती पाणी पितं, तेवढं मोजून बघा. आणि आजीची सिरिंज कोणत्या रंगाच्या टोपणाची आहे, तेही.