२० रुपयांची पाण्याची बाटली हॉटेलात ५० ला का?



सहावीला नफा-तोटा शिकवायला घेतला की एक प्रश्न हमखास येतो. "बाई, दुकानात २० रुपयांना मिळणारी पाण्याची बाटली हॉटेलात ५० ला का देतात?" आणि त्याच्या पाठोपाठ मागच्या बाकावरून उत्तरही येतं, "लुटतात ओ बाई!"

मुलांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. बाटली तीच, पाणी तेच, कंपनीही तीच. मग वरचे ३० रुपये कशाचे? हा प्रश्न "तो अभ्यासक्रमात नाही" म्हणून सोडून देऊ नये असं मला वाटतं, कारण घराबाहेर पैसे देताना मुलांना रोज भेटणारा हा विषय आहे.

वाहतूक, हमाली धरून एकूण खरेदी किंमत काढायची, एवढं मुलांना जमतं. पण दुकानाचं भाडं, लाईटबिल, कामगारांचे पगार हे उदाहरणात कुठे दिसतच नाहीत. म्हणून मी फळ्यावर एक हॉटेल काढते. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही आपल्या गावाप्रमाणे बदला.

समजा हॉटेलचं भाडं महिन्याला ६०,००० रुपये. आचारी, वेटर, भांडी घासणारे मिळून ६ माणसं, प्रत्येकी १२,००० प्रमाणे ७२,०००. लाईट आणि गॅसचे १८,०००. झाले दीड लाख. ३० दिवसांनी भागा, रोजचे ५,००० रुपये. यात अजून भाजी नाही, तेल नाही, पाण्याची बाटलीही नाही. आता हॉटेलात १० टेबलं आहेत आणि प्रत्येक टेबलावर दिवसभरात १० वेळा गिऱ्हाईक बसतं. म्हणजे १०० वेळा. ५,००० भागिले १००, बरोबर ५० रुपये. कोणी नुसता येऊन बसला आणि उठून गेला तरी मालकाचे ५० रुपये खर्ची पडले! पावसाळ्यात गिऱ्हाईक निम्मं झालं तर तोच आकडा १०० वर जातो, कारण भाडं आणि पगार काही निम्मे होत नाहीत. हे गणित मुलं स्वतः सोडवतात तेव्हा वर्गात एकदम शांतता होते. "म्हणजे खुर्चीचे पण पैसे असतात?" असं कुणीतरी विचारतंच.

मग शेजारी किराणा दुकान काढायचं. भाडं, लाईट आणि मदतनीस मिळून महिन्याला ३०,०००, म्हणजे रोजचे १,०००. दिवसाला २०० गिऱ्हाइकं आली तर एकामागे खर्च ५ रुपये. गिऱ्हाईक दोन मिनिटं उभं राहतं, पिशवी भरतं, निघून जातं. खुर्ची नको, पंखा नको, ग्लास धुवायला नको. डी-मार्टसारख्या ठिकाणी तर छापील किमतीपेक्षाही स्वस्त मिळतं. तिथे माल आपणच फडताळावरून काढायचा, ट्रॉली आपणच ढकलायची, रांगेत आपणच उभं राहायचं. शिवाय एकगठ्ठा खरेदी केल्यामुळे त्यांना माल कमी दरात मिळतो आणि त्यांच्या बहुतेक दुकानांच्या जागा मालकीच्या आहेत, दरमहा भाड्याची कटकट नाही. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, ठरलेली किंमत नव्हे. त्यापेक्षा कमीत विकायला कुणाची ना नाही, हे अनेक मोठ्यांच्याही लक्षात येत नाही.

पालकांचा पुढचा प्रश्न असतो, "पण कायद्याने एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं का?" इथे दुकान आणि हॉटेल यांत फरक पडतो. वैधमापन कायद्याच्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे दुकानदाराला छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. हॉटेलांचा वाद मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये पाणी देणं ही साधी विक्री नाही, त्यात सेवाही आहे, म्हणून तिथे छापील किमतीचं बंधन लागू होत नाही. म्हणजे टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीचे ५० लावले तर ते बेकायदा नाही. मात्र मेनूकार्डात दर आधी बघावा, आणि साधं पाणी हवं असेल तर तसं स्पष्ट सांगावं. वेटर बाटली आणून झाकण उघडून ठेवतो आणि आपण भिडेखातर गप्प बसतो, त्यातच निम्मे पैसे जातात.

आता दुसरी बाजू. टपरीवाला किंवा दुकानदार "थंड आहे ना, २ रुपये जास्त" म्हणतो, ते चूक आहे. तिथे खुर्ची नाही, सेवा नाही, फ्रिजचा खर्च छापील किमतीतल्या त्याच्या नफ्यातूनच भागवायचा असतो. रेल्वे स्टेशनवरच्या रेल नीरचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याची एक लिटरची बाटली १५ वरून १४ रुपये झाली, पण सुट्टा रुपया परत मागायला लोकांना लाज वाटते. मुलांना मी सांगते, लाजू नका, मागा. ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे.

तिसरा प्रकार मला सर्वांत खटकतो. मल्टिप्लेक्समधले पॉपकॉर्न घ्या. तिथे भाडं आणि एसीचा खर्च मोठा असतो आणि तिकिटातला मोठा हिस्सा चित्रपटवाल्यांकडे जातो, हे खरं. पण महागाईचं खरं कारण म्हणजे आत दुसरं दुकानच नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी! जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा थिएटरमालकांचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं आत नेता आलं पाहिजे, हेही सांगितलं. म्हणजे थिएटरात पाणी विकत घेण्याची सक्ती नाही, फक्त नळ कुठे आहे ते विचारावं लागतं. पूर्वी कंपन्या तीच बाटली मॉल आणि विमानतळासाठी जास्त एमआरपी छापून देत. एकाच वस्तूवर अशा दोन किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे.

वर्गात घेणार नाही, पण मोठ्यांसाठी एक उदाहरण सांगते. इंग्लंडमध्ये हाच वाद पबमधल्या बिअरवरून चालतो. सुपरमार्केटपेक्षा पबमध्ये ती कितीतरी महाग. खुर्चीचा हिशोब तिथेही आहेच, पण भर पडते कराची. सुपरमार्केटमधल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर व्हॅट शून्य आणि पबमधल्या जेवणावर २० टक्के. पबवाल्यांचं म्हणणं असं, की या सवलतीच्या जोरावर सुपरमार्केटला बिअर स्वस्त विकता येते. ऑगस्ट २०२३ पासून तिथल्या सरकारने पबमधल्या नळाच्या बिअरवर उत्पादन शुल्क थोडं कमी ठेवलं आहे. आपल्याकडे उलटं झालं. परमिट रूममध्ये बसून घेतलेल्या मद्यावरचा व्हॅट महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. म्हणजे किमतीतला काही भाग दुकानदाराचा नसतोच, तो सरकारचा असतो.

वर्गात करायचा उपक्रम सोपा आहे. मुलांना एकाच वस्तूची तीन ठिकाणची किंमत लिहून आणायला सांगा. चहा, वेफर्सचं पाकीट, पाण्याची बाटली, काहीही चालेल. घरात हॉटेलचं बिल असेल तर तेही आणू द्या आणि ५ टक्के जीएसटी कशावर लावलाय ते शोधायला लावा. बाटलीच्या छापील किमतीत एकदा कर आलेला असतो आणि बिलात पुन्हा लागतो, हे चाणाक्ष मुलं बरोबर पकडतात. मग प्रत्येक जास्तीच्या रुपयापुढे लिहायचं: जागेचा, सेवेचा, कराचा, की नुसता अडवणुकीचा? चौथ्या रकान्यावर जोरदार भांडणं होतात. होऊ द्यावीत, तास थोडा लांबला तरी चालेल.