ई-टपाल, स्वयंचलित

ई-टपाल, स्वयंचलित : संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीने माणसाच्या प्रत्यक्ष हस्तक्षेपाशिवाय ई-पत्रे तयार करणे व पाठविणे, तसेच आलेली पत्रे उघडून त्यांतील मजकुरानुसार पुढील क्रिया करणे, या व्यवहारास स्वयंचलित ई-टपाल म्हणतात. रेल्वे आरक्षणाची पोच, बँकेचे मासिक खातेपत्रक, परीक्षेच्या अर्जाची पावती, ओळख पटविण्यासाठीचा एकवार संकेतांक इ. पत्रे अशा प्रकारे पाठविली जातात. आलेल्या तक्रारीस क्रमांक देऊन ती योग्य विभागाकडे वर्ग करणे, हे स्वयंचलित स्वीकृतीचे उदाहरण होय.

इतिहास : एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. वापरकर्त्याचे नाव व संगणकाचे नाव यांमध्ये ‘@’ हे चिन्ह घालण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली. निरनिराळ्या बनावटीच्या संगणकांना परस्परांशी पत्रव्यवहार करता यावा म्हणून १९८२ मध्ये एसएमटीपी हा नियमसंच जॉन पोस्टेल यांनी सिद्ध केला. त्यात पुढे अनेक सुधारणा झाल्या असल्या, तरी मूळ रचना अद्यापि कायम आहे.

भारतात शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारी ‘अर्नेट’ ही योजना १९८६ मध्ये सुरू झाली. मुंबईची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था व पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्था (आय. आय. टी.) यांचा तीत प्रारंभापासून सहभाग होता. त्या काळी संगणक दूरध्वनिमार्गाने परस्परांशी ठराविक वेळी संपर्क साधत आणि रांगेत साठलेली पत्रे एकदम देवघेव करीत. पत्र साठविणे व संधी मिळताच पुढे धाडणे, हे तत्त्व आजही टिकून आहे. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

पाठविण्याची क्रिया : पाठविणारी आज्ञावली प्रथम टपालाच्या सर्व्हरशी, म्हणजे सेवा देणाऱ्या संगणकाशी, जोडणी करते. सर्व्हर २२० हा सांकेतिक आकडा देऊन सिद्धता कळवितो. आज्ञावली आपली ओळख सांगते, जोडणी कूटबद्ध करून घेते आणि परवलीचा शब्द सादर करते. नंतर ती प्रेषकाचा व प्राप्तकर्त्याचा पत्ता क्रमाने कळविते. प्रत्येक पत्ता मान्य झाल्यास २५० हे उत्तर मिळते. मजकूर पाठविण्यास ३५४ या आकड्याने अनुमती मिळते. फक्त एक पूर्णविरामाचा ठिपका असलेली ओळ आली, की मजकूर संपला असे समजले जाते. सर्व्हरने पुन्हा २५० असे उत्तर दिले म्हणजे पत्र पुढे नेण्याची जबाबदारी त्याने स्वीकारली, एवढाच त्याचा अर्थ होतो.

येथे पाकीट व पत्र यांतील भेद महत्त्वाचा आहे. सर्व्हरला कळविलेले पत्ते हे पाकिटावरचे पत्ते होत. पत्राच्या शीर्षभागात दिसणारी नावे ही आतल्या कागदावरची होत. दोन्ही सारखी असतीलच असे नाही. गुप्त प्रत पाठविता येते ती याच कारणाने आणि खोट्या नावाने पत्रे धाडणाऱ्यांचेही याच भेदामुळे फावते.

देवनागरी मजकूर : मूळ नियमसंच केवळ इंग्रजी अक्षरांसाठी योजलेला होता. इतर लिप्या, चित्रे व जोडपत्रे पाठविण्याची सोय १९९२ मध्ये ‘माइम’ या विस्ताराने झाली. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. जुन्या मार्गांवरून ते सुरक्षित जावे म्हणून दर तीन बाइटांचे चार इंग्रजी अक्षरांत रूपांतर करतात. ‘नंदुरबार’ या शब्दात अनुस्वार, उकार व काना धरून आठ चिन्हे आहेत. त्यांचे २४ बाइट होतात आणि पाठविताना त्यांची ३२ अक्षरे बनतात. हे रूपांतर मजकुरात केले, पण विषयाच्या ओळीत करावयाचे राहिले किंवा लिपीचा प्रकार शीर्षभागात नोंदविला नाही, तर वाचणाऱ्यास अर्थहीन चिन्हे दिसण्याचा संभव असतो.

स्वीकारण्याची क्रिया : आलेली पत्रे घेण्यासाठी पॉप व आयमॅप हे दोन नियमसंच प्रचलित आहेत. पॉपमध्ये पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेतात व बहुधा तेथून काढून टाकतात. आयमॅपमध्ये ती सर्व्हरवरच राहतात व वाचली अथवा न वाचली याची नोंदही तेथेच होते. प्रत्येक पत्राला मिळणारा क्रमांक आज्ञावलीने जपून ठेवणे आवश्यक असते. अन्यथा मध्येच वीज गेल्यास तेच पत्र पुन्हा हाताळले जाऊन एका अर्जाच्या दोन नोंदी होतात.

दोष व दक्षता : सर्व्हरकडून येणाऱ्या नकारांचे दोन प्रकार आहेत. चाराने सुरू होणारा आकडा तात्पुरती अडचण दर्शवितो. अशा वेळी साधारणपणे अर्ध्या तासाने किंवा त्याहून अधिक अंतराने पुन्हा प्रयत्न करावयाचा असतो व चार-पाच दिवसांनंतरच तो सोडून द्यावयाचा असतो. पाचाने सुरू होणारा आकडा कायमचा नकार होय. दोन स्वयंचलित यंत्रणांनी एकमेकींच्या उत्तरांना उत्तरे देत राहिल्यास पत्रांचे अखंड चक्र निर्माण होते. ते टाळण्यासाठी न पोचल्याची सूचना कोऱ्या प्रेषकपत्त्याने पाठवितात आणि स्वयंचलित पत्राच्या शीर्षभागात तशी नोंद करतात. वापरकर्त्याने भरलेल्या नावात वा विषयात नवी ओळ असल्यास तिच्याद्वारे इतर पत्ते घुसविता येतात. म्हणून असा मजकूर तपासूनच शीर्षभागात घ्यावा लागतो. प्रेषक खरा आहे किंवा कसे, हे ठरविण्यासाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या पद्धती वापरतात.

सार्वजनिक व्यवहारातील स्थान : नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी ‘आधार’ क्रमांकांच्या वितरणास प्रारंभ झाला. पुढे हा क्रमांक अनेक शासकीय लाभांशी जोडला गेला. क्रमांकधारकाची ओळख पडताळली गेल्यास त्याची सूचना नोंदविलेल्या ई-पत्त्यावर किंवा भ्रमणध्वनीवर पाठविण्याची तरतूद आहे. आपल्या नावाचा वापर दुसऱ्याच कोणी केला, तर हे मूळ धारकास कळावे, हा तिचा उपयोग होय. ही पत्रे मनुष्य लिहीत नाही, आज्ञावली लिहिते. तथापि नोंदणीच्या वेळी ई-पत्ता देणे ऐच्छिक असते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के व साक्षरता सु. ६४ टक्के होती. अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगराळ भागात आहेत. ज्याला ई-पत्ता नाही, किंवा ज्याचा पत्ता दुसऱ्याने भरून दिला आहे, त्याच्यापर्यंत ही सूचना पोचत नाही. यंत्रणेच्या नोंदवहीत मात्र कोणताही दोष दिसत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ अन्वये, अन्यथा ठरले नसल्यास, प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणकसाधनात अभिलेख शिरला की तो पाठविला गेला असे समजतात आणि प्राप्तकर्त्याने निश्चित केलेल्या साधनात शिरला की तो मिळाला असे मानतात. तो वाचला गेला पाहिजे, अशी अट नाही. यामुळे मुदत, हरकत किंवा लाभाचा हक्क ज्या पत्रावर अवलंबून आहे, तेथे कलम १२ मध्ये सांगितलेली पोच मागणे श्रेयस्कर ठरते. पोच न आल्यास नोंद माणसाकडे सोपविण्याची आणि ग्रामपंचायत, टपाल खाते किंवा प्रत्यक्ष भेट यांद्वारे निरोप देण्याची व्यवस्था आज्ञावलीतच असावी लागते. पत्र पाठविले, पोचले आणि कळले या तीन वेगळ्या घटना आहेत. पहिलीची नोंद आज्ञावली खात्रीने करू शकते, दुसरीची बहुतेक वेळा. तिसरीची नोंद मात्र प्राप्तकर्त्याच्या उत्तरावाचून तिला करता येत नाही.

[⟶ आज्ञावली, इंटरनेट, टपालसेवा, नंदुरबार जिल्हा, संगणक].