पाच आसनी की सात आसनी? मोटार घेण्यापूर्वी मांडावयाचा हिशेब

लहान व्यापाऱ्याच्या घरी मोटार येते ती बहुधा दुकानाच्या भांडवलातूनच येते. गल्ल्यातील पैसा आणि घरातील पैसा आपल्याकडे फारसा वेगळा ठेवला जात नाही. त्यामुळे मोटारीवर दोन लाख रुपये जास्त गेले म्हणजे दोन लाखांचा माल दुकानात कमी आला, असाच त्याचा अर्थ होतो. मोटार निवडताना रंग, इंजीन, छताची काच यांवर घरात तासन् तास चर्चा होते. हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

उंच बांधणीच्या, म्हणजे एसयूव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारींत हा प्रश्न हल्ली नेमक्या एका ठिकाणी येऊन थांबतो. पाच आसनांची, दोन रांगांची मध्यम गाडी घ्यावी की थोडे पैसे टाकून तीच गाडी तीन रांगांची घ्यावी? "घरात माणसे आहेत, पाहुणे येतात, दोन जागा जास्त असलेल्या बऱ्या," असे वडीलधारे म्हणतात आणि बोलणे तेथेच संपते. वास्तविक बोलणे तेथून सुरू व्हावयास हवे.

सुमोपासूनची सवय

मोठी गाडी म्हणजे जास्त माणसे, हा आपला समज एका विशिष्ट काळात तयार झाला. १९९४ साली टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. मागे समोरासमोर बाके असल्याने तिच्यात दहा माणसे बसत. २००० साली टोयोटाची क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा आली. या गाड्या मुळातच माणसे वाहण्यासाठी आखलेल्या होत्या. वऱ्हाडापासून विमानतळापर्यंत सगळीकडे त्या चालल्या आणि "सात-आठ माणसांची गाडी" हे शब्द लोकांच्या तोंडी बसले.

अलीकडच्या अनेक तीन रांगांच्या एसयूव्हींची गोष्ट निराळी आहे. त्या पाच आसनी गाडी वाढवून तयार केल्या आहेत. टाटांची हॅरियर जानेवारी २०१९ मध्ये बाजारात आली. तिच्यावरूनच केलेली नवी सफारी फेब्रुवारी २०२१ मध्ये आली. दोन्ही पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातील. हॅरियरची लांबी त्या वेळी ४,५९८ मिलिमीटर होती आणि सफारीची ४,६६१. म्हणजे फरक अवघा ६३ मिलिमीटरचा, चार बोटांइतकाही नव्हे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोघींचे सारखेच, २,७४१ मिलिमीटर. एमजीची हेक्टर (२०१९) आणि हेक्टर प्लस (२०२०) यांच्यातही लांबीचा फरक ६५ मिलिमीटरचाच होता. ह्युंदाईने मात्र २०२१ साली क्रेटावरून अल्काझार काढताना चाकांमधील अंतर १५० मिलिमीटरने आणि एकूण लांबी २०० मिलिमीटरने वाढविली.

आता वाचकांनीच विचार करावा. सहा-सात सेंटिमीटर लांबी वाढवून दोन माणसांची जागा कोठून येणार? ती सामानाच्या जागेतूनच येते.

डिकीचा हिशेब

२०१९ च्या हॅरियरच्या डिकीत ४२५ लिटर जागा होती. २०२१ च्या सफारीत तिन्ही रांगा उभ्या असताना मागे उरत असे ७३ लिटर. एका मध्यम आकाराच्या सुटकेसमध्ये साधारण एवढीच जागा असते. हेक्टरमध्ये ५८७ लिटर, तर हेक्टर प्लसमध्ये १५५. क्रेटात ४३३, अल्काझारमध्ये १८०.

यावर विक्रेता एक उत्तर देतो आणि ते खोटे नाही. तिसरी रांग दुमडली की जागा परत मिळते. सफारीत ती दुमडल्यावर ४४७ लिटर जागा होत असे, म्हणजे हॅरियरपेक्षा थोडी जास्तच. तेव्हा रोजच्या वापरात सात आसनी गाडीवाल्याचे नुकसान होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु खरी अडचण यातूनच दिसून येते. तिसरी रांग उघडण्याचा प्रसंग कोणता? लग्नकार्य, ईदला गावी जाणे, चार दिवसांचा प्रवास. त्या दिवशी माणसे सात असतात आणि सामानही सात जणांचे असते. ज्या दिवशी त्या दोन आसनांचा उपयोग व्हावयाचा, नेमक्या त्याच दिवशी सामानाला जागा राहत नाही. मग टपावर कॅरियर बसवा, पायांशी पिशव्या ठेवा किंवा मागून दुसरी गाडी न्या. दुसरी गाडी न्यावयाचीच असेल तर दोन आसनांसाठी दोन लाख कशाला दिले, असा प्रश्न उरतो.

सहा आसनांची गंमत

काही गाड्यांत मधल्या रांगेला सलग बाकाऐवजी दोन स्वतंत्र खुर्च्या असतात. त्या दिसावयास सुंदर आणि बसावयास आरामदायी. मात्र मग गाडी सात नव्हे, सहा आसनी होते. हेक्टर प्लस सुरुवातीला सहा आसनीच आली होती. अल्काझार आणि सफारी सहा व सात अशा दोन्ही प्रकारांत आल्या. सहा आसनी गाडी घेणारा पाच आसनीपेक्षा फक्त एका माणसाची जागा जास्त घेतो. एका आसनासाठी संपूर्ण तिसऱ्या रांगेचा खर्च करणे कोणत्या व्यापारात बसते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिवाय मागे बसणार कोण? अशा गाड्यांत तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास येते. खड्ड्याचा दणका तेथे जास्त बसतो, गुडघे वर येतात आणि आत-बाहेर करण्यास मधले आसन सरकवावे लागते. म्हातारी माणसे तेथे बसू शकत नाहीत. ती जागा मुलांच्या वाट्याला येते. हॅरियर आणि सफारी या दोघींना २०२३ साली ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु या चाचणीत समोरून, बाजूने आणि खांबावर बसणारी धडक पाहिली जाते. मागून बसणाऱ्या धडकेचा त्यात समावेश नाही. तिसऱ्या रांगेतील मुलांच्या पाठीमागे फक्त डिकीचे दार असते, हे आई-बापांनी लक्षात ठेवावे. त्या आसनांना पूर्ण पट्टे आहेत की नाहीत आणि छताच्या कडेच्या एअरबॅगा तिथपर्यंत पोचतात की नाही, हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

कर आणि विमा

व्यापारी वाचकांत काही गैरसमज आढळतात. त्यांचा निकाल लावणे जरूर आहे.

पहिला गैरसमज असा की मोठी गाडी पेढीच्या नावावर घेतली की जीएसटी वळता करून घेता येतो. तसे नाही. चालकासह तेरा आसनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्यास मिळत नाही. मोटारींची खरेदी-विक्री करणारा, प्रवासी वाहतूक करणारा आणि मोटार चालविण्याचे शिक्षण देणारा यांनाच ती मिळते. पाच आसने घ्या की सात, कापड दुकानदाराला यात फरक नाही.

दुसरी गोष्ट कराच्या दराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल व डिझेल मोटारींवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. त्यापूर्वी २८ टक्के कर व वर अधिभार असे आणि मोठ्या एसयूव्हीवर तो एकूण ५० टक्क्यांपर्यंत जाई. नव्या दरात दोन रांगा आणि तीन रांगा असा भेद नाही. त्रयस्थ पक्षाच्या विम्यातही आसने मोजत नाहीत, इंजीन मोजतात. जून २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये होते.

फरक पडतो तो राज्याच्या मोटार वाहन करात. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासूनच्या दरांनुसार १० ते २० लाखांच्या पेट्रोल मोटारीला १२ टक्के आणि २० लाखांपुढे १३ टक्के कर आहे. डिझेलला हेच दर १४ व १५ टक्के आहेत. समजा, पाच आसनी डिझेल गाडी साडेएकोणीस लाखांना मिळते आणि सात आसनी साडेएकवीस लाखांना. पहिलीचा कर २ लाख ७३ हजार, दुसरीचा ३ लाख २२ हजार ५००. किमतीतील फरक २ लाखांचा आणि त्यावर कराचा फरक ४९ हजार ५०० रुपयांचा. वीस लाखांची रेषा कोठे येते हे पाहूनच प्रकार निवडावा. गाडी कंपनीच्या नावावर नोंदविल्यास पेट्रोल-डिझेलचा भेद न करता २० टक्के कर लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आयकरात मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. खरेदीच्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी त्याच्या निम्मा. मात्र अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरणपत्र भरणाऱ्यास तो वेगळा मिळत नाही. दहा लाखांवरील मोटारीवर विक्रेता एक टक्का टीसीएस घेतो. तो विवरणपत्रात वळता होतो, म्हणून त्याची पावती सांभाळावी.

वर्षातून किती दिवस?

आता मूळ हिशेबाकडे येऊ. वरील उदाहरणात करासह फरक सुमारे अडीच लाखांचा झाला. तेवढी रक्कम ९ टक्के दराने पाच वर्षांत फेडावयाची म्हटल्यास दरमहा सुमारे ५,१९० रुपये आणि एकूण सुमारे ३ लाख ११ हजार रुपये होतात. रोखीने घेणाऱ्याने व्याजाऐवजी तेवढ्या मालावर मिळाला असता तो नफा धरावा.

पाच वर्षांनी गाडी विकताना सात आसनीला एक लाख रुपये जास्त आले असे समजू. तरी २ लाख ११ हजार गेले. वर्षाला सुमारे ४२ हजार. सात-आठ माणसांची भाड्याची गाडी चालकासह दिवसाला ६ हजारांस मिळते असे धरल्यास वर्षातून सात दिवस ती याच पैशांत येते. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलून पाहावेत, रीत हीच.

तेव्हा घरच्या वहीत मागील वर्षाचा हिशेब मांडावा. सहा किंवा अधिक माणसे एकाच गाडीतून किती वेळा गेली? हा आकडा सातच्या आत असेल तर दोन रांगांचीच गाडी शहाणपणाची. ज्या दिवशी माणसे जास्त असतील त्या दिवशी भाड्याची गाडी करावी. घाट उतरताना चालक त्यांचा, थकवाही त्यांचा.

सात आसनी कोणी घ्यावी?

याचा अर्थ तीन रांगा कोणीच घेऊ नयेत असा नव्हे. एकाच घरात चार मुले रोज एका शाळेला जात असतील, आजी-आजोबांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागत असेल आणि सोबत घरचे तिघे-चौघे असतील, तर तिसरी रांग रोज कामाला येते. परंतु अशा कुटुंबाने मुळातच सात जणांसाठी आखलेल्या गाड्या आधी पाहाव्यात. २०१८ च्या एर्टिगाची लांबी ४,३९५ मिलिमीटर, म्हणजे हॅरियरपेक्षा कमीच होती. तरीही तिन्ही रांगा उभ्या ठेवून मागे २०९ लिटर जागा राहत असे. दिसावयास ती एसयूव्हीसारखी रुबाबदार नाही, पण सात माणसांचे काम करते. रुबाब आणि गरज यांपैकी आपण कशाचे पैसे देत आहोत, एवढे स्पष्ट असावे.

खरेदीपूर्वी चार गोष्टी मात्र अवश्य कराव्यात. शोरूमवर एकट्याने न जाता घरातील सर्वांना न्यावे. सर्वांत उंच माणसाला तिसऱ्या रांगेत वीस मिनिटे बसवून गाडी फिरवून आणावी. प्रवासाच्या दोन बॅगा सोबत नेऊन, सर्व आसने उभी ठेवून डिकीचे दार लागते का ते पाहावे. आणि गाडी आपल्या गल्लीत, आपल्या दारात एकदा वळवून उभी करून पाहावी.

एवढे केल्यावर बहुतेक घरांत उत्तर आपोआप मिळते. उरलेले अडीच लाख दुकानात घालावेत. तिसऱ्या रांगेतील रिकामे आसन वर्षभर काही मिळवून देत नाही, फळीवरचा माल मात्र हंगामात पैसा देतो.