आरोग्यसेविकेची नोंदवही आणि भ्रमणध्वनी

वैनगंगेच्या काठी वसलेले आरमोरी कोशाच्या रेशमासाठी विदर्भात परिचित आहे. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा हा परिसर नव्या गडचिरोली जिल्ह्यात आला. धानाची शेती आणि सभोवार जंगल अशा या भागात आरोग्यसेवेचा मोठा भार वाहतात त्या उपकेंद्रांतील आरोग्यसेविका व गावोगावच्या आशा स्वयंसेविका. आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, हिवतापासाठी रक्तनमुने घेणे ही त्यांची कामे जुनीच. त्यांच्या जोडीला आता संगणकीय नोंदीचे काम आले आहे.

या बदलाचे लाभ निर्विवाद आहेत. 2019 मध्ये सुरू झालेल्या 'ई-संजीवनी' सेवेमुळे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी दूरच्या डॉक्टरांचा सल्ला रुग्णाला जागेवरच मिळवून देऊ शकतो. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी जाणे जिला परवडत नाही, तिला या सोयीचे मोल विचारावे. क्षयरुग्णांची नोंद 2012 पासून 'निक्षय' प्रणालीत होते. त्यामुळे मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेल्या रुग्णाचे औषध तेथेही पुढे चालू ठेवता येते.

परंतु नोंद करणाऱ्या हातांचाही विचार व्हावयास हवा. बालकाला लस एकदाच टोचावयाची असते. तिची नोंद मात्र मातेजवळील कार्डावर, उपकेंद्राच्या नोंदवहीत आणि पुन्हा 'यू-विन' प्रणालीवर करावी लागते. जंगलातील एखाद्या गावी संपर्क मिळाला नाही, तर हे शेवटचे काम घरी परतल्यावर करावयाचे. वाघाच्या भीतीमुळे या रस्त्यांनी सायंकाळपूर्वी परतणे भाग असते. साहजिकच स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि दिवसभराच्या नोंदी एकाच वेळी समोर येतात. रात्रीचा हा तास कामाच्या हिशेबात क्वचितच धरला जातो.

राज्यात या प्रश्नाची जाणीव दोन वेळा ठळकपणे झाली. ऑगस्ट 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी शासनाकडून मिळालेले भ्रमणध्वनी संच परत केले. संच वारंवार बंद पडतात आणि 'पोषण ट्रॅकर' इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. ऑक्टोबर 2023 मध्ये आशा स्वयंसेविकांनी संप पुकारला, त्यातही ऑनलाइन कामाची सक्ती नको, अशी मागणी होती. यास तंत्रज्ञानाला विरोध म्हणणे, प्रस्तुत लेखकाच्या मते, अन्यायाचे होईल. दोन-तीन वर्षांत निकामी होणारा संच आणि न कळणारी भाषा यांवर कोणतीही योजना दीर्घकाळ टिकत नाही.

कागदावरही उत्तम काम होऊ शकते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांच्या घरपोच सेवेचा जो प्रयोग केला, तो गावातील स्त्रियांनी भरलेल्या कागदी तक्त्यांवरच उभा राहिला. पुढे 2011 मध्ये ही सेवा देशभर स्वीकारली गेली.

संपर्काविना नोंद घेऊन तो मिळताच ती पाठविणारी 'अनमोल'सारखी पद्धती 2016 पासून देशात वापरात आहे. तिचा पुरेपूर लाभ घ्यावयाचा, तर ज्या दिवशी नवी नोंद सुरू होईल त्याच दिवशी कोणती जुनी वही बंद होईल, हे लेखी आदेशाने ठरले पाहिजे. एक वही मात्र ठेवावीच लागेल. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज खंडित झाली, तर उपकेंद्रात मेणकापडात गुंडाळलेली तीच वही उघडावी लागते.