फवारणीआधी नाव: कुंडीतल्या जास्वंदीवरची पांढरी कीड

सोयगावसारख्या कापसाच्या भागात दारातल्या कुंडीतली जास्वंद पांढरी पडली, कळ्या गळू लागल्या, की पहिला प्रश्न ठरलेला: 'काय फवारू?' तुम्हाला संशोधन करायचंय ना? मग आधी विचारा, 'ही कीड नक्की कोणती?'

भिंगातून बघा. अंगावर मेणचट पांढरी पूड, पाठीवर काळसर ठिपके, आसपास मुंग्या असतील, तर तो बहुधा कापसावरचाच पिठ्या ढेकूण, फेनाकोकस सोलेनॉप्सिस. 'बहुधा' म्हणतोय, कारण पपईवरचा पिठ्या ढेकूणही जास्वंदीवर येतो. तो पिवळसर असतो, अल्कोहोलमध्ये ठेवला की काळा पडतो. खात्री मात्र प्रौढ मादीची स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

इथे तज्ज्ञही चुकलेत. पाकिस्तानात कापसावर आलेल्या याच किडीला नवी प्रजाती समजून वेगळं नाव दिलं होतं. ती टिन्स्लेने १८९८ मध्ये वर्णन केलेली जुनीच प्रजाती आहे, हे २००८ मध्ये मांडलं गेलं.

नावाने काय फरक पडतो? मित्रकीटक त्यावरच ठरतो. सोलेनॉप्सिसवर एनासियस ही इवलीशी परोपजीवी माशी जगते, पपईवरच्या ढेकणावर अ‍ॅसेरोफेगस. सोलेनॉप्सिसमध्ये तपकिरी, टणक झालेले ढेकूण दिसले, तर आत एनासियस वाढत असण्याची शक्यता मोठी. ती पानं राहू द्या. बाकीचे ढेकूण साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसा. छाटलेल्या फांद्या बांधावर टाकू नका, कीड कपाशीवर जाईल.

घाईने फवारलंत, तर मित्रही मरतो आणि पुरावाही.